नंबर नसलेली जागा

हुडको, भिलाई
८ जून २०२५

प्रिय आत्या,

आधी तुझ्या कानांना नमस्कार, मग तुला. कमलेश मला हसतात, म्हणतात आजकाल पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, जिला फोनवर काहीही सांगितलं तरी "हो का, पाऊस आला का" एवढंच ऐकू येतं, तिला पत्रच लिहावं लागतं. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन तू अजून साखरेच्या डब्याशेजारीच ठेवलं आहेस ना? तुझ्या घरधन्यालाच, आमच्या मामाजींना, विचारणार आहे मी.

आता बातमी. तुझी भाची पुढारी झाली. हसू नकोस. मागच्या उन्हाळ्यापासून माझ्या आणि आम्रपालीच्या डोक्यात होतं की आपल्या कॉलनीत सोलर आणायचं. आम्रपाली म्हणजे मागच्या गल्लीतली, जिचे प्रेमानंदजी रेल्वेत आहेत, तुला आवडली होती ती. रस्त्यावरचे दिवे, पाण्याच्या टाकीचा पंप, हॉलचे पंखे, सगळं उन्हावर चालावं असं आमचं म्हणणं. कोळसा आणि लोखंड यांनी आपल्याला खाऊ घातलं, माझ्या बाबांची भाकर त्यातूनच आली, मी त्याला नाव ठेवत नाही. पण एक दिवा लावायला किती कोळसा जळतो हे समीक्षाने शाळेतून येऊन सांगितलं आणि मग मला चैन पडेना. पोरगी सहावीत आहे आणि दिवसातून दहा वेळा माझ्या मागे येऊन पंखा बंद करते.

तर आम्ही दोघी दारोदार फिरलो, सह्या घेतल्या. काही घरांत चहा मिळाला, काही घरांत "बाद में आना भाभी". अर्ज मीच लिहिला. सोलरच्या ऑफिसात गेलो तर तिथला माणूस म्हणाला, "जगह का भी लिख दीजिए, जगह के बिना कुछ नहीं होता." मग मी तिथेच उभ्याउभ्या शेवटी लिहून टाकलं की आमच्या कॉलनीच्या मागे मोठी जागा रिकामी पडली आहे. तुला माहीत आहे ना ती, जिथे सेक्टर नाही, स्ट्रीट नाही, काहीच नाही. माणूस खूश झाला. मीही खूश झाले.

कमलेशची नाईट चालू आहे. बाकी सगळे मजेत.

तुझी,
रेणू

---

सालेटोला, ता. तुमसर
१९ जून २०२५

रेणू,

आशीर्वाद आहेच, पण या खेपेला हात जरा आखडता घेतला आहे.

सह्या गोळा केल्यास ते मी मामाजींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी शेतात सौर पंप बसवला तेव्हापासून कोणीही सूर्याचं नाव काढलं की ते मिशीवर हात फिरवतात. "पोरगी आपल्या वळनावर गेली," म्हणाले. पुढे वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

रिकामी?

तुला दोष कमी देते, कारण तू भिलाईत जन्मली. भिलाईतल्या माणसाला सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर सांगितला की जागा समजते. ज्याला नंबर नाही, ते त्याच्या लेखी जगात नाहीच. पण त्या जागेला नाव आहे गं. परसाभाठा. आजूबाजूच्या छत्तीसगढी बाया पळसाला परसा म्हणतात आणि भाठा म्हणजे माळ. मी हुडकोत राहायला आले तेव्हा पहिलं नाव तेच शिकले, आपल्या गल्लीचं नंतर.

पोळ्याला मी तुला हाताला धरून तिथेच न्यायचे. आठवतं? सगळे विदर्भातले लोक पळसाच्या फांद्या तोडून आणायचे. मेढे. पोळ्याच्या दिवशी दाराला लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओरडत ओरडत घराबाहेर, पार भाठ्यापर्यंत नेऊन टाकायचे, म्हणजे घरातली रोगराई त्यांच्यासोबत जाते. "घेऊन जाय वं नारबोद!" पीडा उचलून नेणाऱ्या त्या नारबोदला तू सगळ्यांत मोठ्याने हाक मारायची. कॉलनीत बैल कुणाकडेच नव्हता, मातीचे बैल पुजायचो, पण मेढे खरे होते.

तिथे टिटवी जमिनीवर अंडी घालते. पावसाचं पाणी तिथल्या खोलगट भागात थांबतं आणि जमिनीत मुरतं, म्हणून तुमच्या बोरिंगला मे महिन्यात पाणी असतं. आणि फागुनात काय दिसतं ते मी लिहिणार नाही, ते तूच पाहिलेलं आहेस आणि तूच विसरली आहेस.

सूर्याला माझी ना नाही. पण पळस कापून सूर्य आणायचा हे मला समजत नाही. सकाळी उठून एकदा तिथे जाऊन ये. मग लिही.

रंभाआत्या

---

हुडको
३ जुलै २०२५

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जास्त राग आला.

तू म्हणतेस तसलं तिथे आता काही नाही. झुडपं आहेत, दारूच्या बाटल्या आहेत, कोणीतरी जुन्या कमोडचे तुकडे आणून टाकलेत. तिथे कुणी जात नाही. खरंच सांगते, कुणी जात नाही. आणि पोळ्याची एक सकाळ सोडली तर तिथे जायचं कशाला?

आमचा अर्ज मंजूर झाला. पावर हाउस बाजारातल्या दुकानातून बॅनर छापून आणलाय लोकांनी, "रेणू भाभी के प्रयासों से". त्यावर माझा फोटो समीक्षाच्या वाढदिवसाचा आहे, बाजूला केकचा कोपरा दिसतो. भाजीवाला मला आता दोन मिरच्या जास्त टाकतो. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी मागितलं आणि सरकारने हो म्हटलं. त्यात तुला टिटवी दिसते.

टिटवी दुसरीकडे घालेल अंडी.

इथे सगळं ठीक आहे.

रेणू

---

सालेटोला
२२ जुलै २०२५

रेणू,

तुझ्याकडे सगळं ठीक आहे हे वाचून बरं वाटलं. फक्त कमलेश येऊन गेला आणि त्याने वेगळंच सांगितलं.

त्याच्या काकाच्या तेराव्याला आला होता तुमसरला, तिथून आमच्याकडे आला. चांगला मुलगा आहे. मी विचारलं, "रेणू कशी आहे?" तर म्हणाला, "ठीक हाये." मी परत तेच विचारलं. मग बोलायला लागला. भाठ्यावर चुन्याच्या रेषा मारल्यात म्हणे. मोठ्या पळसांच्या खोडांना लाल खुणा केल्यात आणि पावसाळा संपला की मशीन येणार आहे. आणि तू रोज सकाळी डबे भरून झाले की तिथे जातेस. परवा चहात मीठ टाकलंस. त्याने तसाच प्यायला, तेही सांगितलं.

म्हणाला, "मामी, मी तिले म्हटलं, अब क्या करोगी, मना करोगी? लोक म्हनतीन, सोलर मांगत होती, आता मिळालं तं नखरे करून राहिली." (तो मला मामी म्हणतो, तूच शिकवलंस त्याला, चुकीचं शिकवलंस, असो.)

मी मागच्या पत्रात कडक लिहिलं. ते मागे घेत नाही. पण एक राहिलं होतं लिहायचं, ते आता लिहिते. तू सोलर मागितलंस ते बरोबरच केलंस. आम्ही इतकी वर्षं राहिलो तिथे, कोणी काही मागितलं नाही, लाईट गेली की गच्चीवर जाऊन झोपायचो आणि सरकारला शिव्या द्यायचो. तू मागितलंस. तेव्हा अर्ज मागे घेऊ नकोस.

पण मला सांग, ऊन काय फक्त भाठ्यावर पडतं? तुमची छतं काय सावलीत बांधली आहेत? हॉलच्या छतावर मी पापड वाळवले आहेत, सकाळी टाकले की दुपारी कडक. शाळेचं छत, बाजाराच्या ओट्यावरचं छत, विहाराचं छत, सगळी तापून तापून तडकलेली. तिथे काचा बसव म्हणावं. छत मिळालं तर भाठा कशाला हवा कोणाला?

मामाजी म्हणतात, छतावर जास्त खर्च येतो. मी म्हटलं, हिशेब तुम्ही करा, मी फक्त जागा दाखवते.

आणि मीठ चहात नाही टाकायचं, वरणात टाकायचं.

रंभाआत्या

---

हुडको
९ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

मी खोटं लिहिलं होतं. ठीक नव्हतं. तुझं पत्र येईपर्यंत मला रोज असं वाटायचं की ती लाल खूण माझ्याच हाताने झाली आहे. तुझं "मागे घेऊ नकोस" वाचलं आणि स्वयंपाकघरात बसून रडले. कमलेश घाबरले, त्यांना वाटलं सालेटोल्यात कोणी गेलं. मग त्यांना पत्र दाखवलं तर म्हणाले, "मैंने मीठवाली बात क्यों बताई यार."

आता ऐक. मी आणि आम्रपाली परत फिरलो. या वेळी छतं मागायला. पहिल्या दिवशी कोणी हो म्हटलं नाही. सगळ्यांना एकच भीती, छताला भोक पाडतील आणि पाणी गळेल. लोक म्हणायचे, "भाठा दे तो दिया था आपने, अब हमारी छत काहे को?" खाली मान घालून ऐकलं.

मग आम्रपाली उठली आणि विहाराच्या कमिटीत जाऊन बोलली. तिथे तिच्या सासूबाईंचा शब्द चालतो. संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणते, "रेणू, विहाराचं छत देल्लं आम्ही. पन पावसात गळलं ना, तं तुले वर चढवीन, समजून घे." मी तिला तिथेच मिठी मारली. एक छत मिळालं आणि बाकीच्यांची जीभ सैल झाली. हॉल मिळाला, शाळेने तोंडी हो म्हटलंय, बाजारवाले कधी हो कधी नाही करतात. प्रेमानंदजींनी सुट्टीच्या दिवशी सगळी छतं मोजली. म्हणतात, पंप, दिवे, हॉल, सगळं निघतं, वर थोडं उरतंही.

हे घेऊन आम्ही ऑफिसात गेलो. साहेब चांगला आहे, तरुण आहे. पण फाईल उघडून माझाच कागद माझ्यासमोर धरला. "मैडम, आप ही ने लिखा है, रिक्त भूमि. किसी के उपयोग में नहीं है. अब मैं क्या लिखूं?" शेवटी इतकं मिळालं की तो स्वतः येऊन जागा पाहील. त्याला तिथे वापर दिसला, तर छतांचा विचार होईल. नाही दिसला, तर मशीन येईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार आहे.

म्हणून मी एक शहाणपणाचं काम केलं. हॉलच्या माईकवरून सगळ्यांना सांगितलं की या वर्षी मेढे तोडायचे नाहीत. एकाही पळसाला हात लावायचा नाही. झाडं भरगच्च, हिरवीगार दिसली पाहिजेत, साहेबाच्या मनात भरली पाहिजेत. सगळे ऐकत होते. फक्त जानराव काका, जे दरवर्षी नारबोदच्या पुढे चालतात, ते उठून म्हणाले, "आमचा पोळा हाय तो. तुह्या सायबासाठी पळस नटवू काय नवरीसारखा?" म्हाताऱ्या माणसांचा हट्ट. मी त्यांच्या घरी जाऊन वेगळं समजावून आले.

आता तू निश्चिंत राहा.

तुझी,
रेणू

---

सालेटोला
१७ ऑगस्ट २०२५

रेणू,

तोड! तोडायला सांग! हे पत्र उभ्याने लिहिते आहे.

अगं, ज्या झाडाला कोणाचा हात लागलेला नाही, ते पाहून साहेब काय म्हणेल? म्हणेल, बरोबर लिहिलंय, इथे कोणी येत नाही. तुझ्या सुंदर पळसांचा फोटो काढेल, नमस्कार करेल आणि मशीन पाठवेल. वापर दिसला पाहिजे म्हणतो आहे तो आणि तू वापरच बंद केलास? फांदी तोडल्याने पळस मरत नाही. एक तोडली की दोन फुटतात, तुला शेतात नेऊन दाखवायला पाहिजे होतं लहानपणीच.

मामाजींना फोन करायला लावला होता. त्यांनी तुला पोळ्याच्या शुभेच्छा दिल्या, कमलेशची शिफ्ट विचारली आणि ठेवून दिला. मी म्हटलं, मेढ्यांचं? तर म्हणतात, "राहूनच गेलं ना बाप्पा." दुसऱ्यांदा लावला तर तुझा लागत नाही. मी घेतला असता, पण मला तू काय बोलतेस ते कळलं नसतं आणि तू "हो हो आत्या" म्हणून तेच केलं असतंस.

पोळा शुक्रवारी आहे. पत्र त्याआधी मिळालं तर माईकवर जा आणि सांग की मी चुकले. लाजू नकोस. आणि माझ्या नावाचीही एक फांदी तोड.

रंभा

---

हुडको
१९ सप्टेंबर २०२५

माझ्या प्रिय आत्या,

तुझं पत्र पोळा झाल्यावर सोमवारी आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि गेटवरच उभ्या उभ्या वाचलं. वाचून मी इतकी हसले की समोरच्या घरातली शेजारीण भूमिका बाहेर येऊन म्हणाली, "दीदी, सब ठीक?" सगळं ठीक होतं. तुला लगेच लिहिणार होते, पण म्हटलं, हातात कागद येऊ दे आधी. मागच्या वेळी घाईने लिहून पाहिलंय मी. कागद काल आला.

आता पहिल्यापासून सांगते. पोळ्याच्या दिवशी मी दुपारभर पुरणात होते, बाहेर डोकावलेही नाही. मनात एकच, उद्या साहेब येणार, झाडं छान दिसणार. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती ओरडण्याने. "घेऊन जाय वं नारबोद!" मला वाटलं स्वप्न आहे. दार उघडलं तर माझ्याच दाराच्या कडीला पळसाची फांदी! मी कमलेशकडे पाहिलं. ते ब्रश करत होते. फेस तोंडात ठेवूनच म्हणाले, "त्योहार हाये. तुह्या माईकनं काय होते?"

गल्लीत पाहिलं तर प्रत्येक दाराची फांदी निघून हातात आली होती. आत्या, कोणीही माझं ऐकलं नव्हतं. एकाही माणसाने नाही. जानराव काका पुढे आणि मागे सगळी कॉलनी. पोरं ओरडत होती, "खोकला घेऊन जाय वं नारबोद! मच्छर घेऊन जाय वं नारबोद!" आणि आपली समीक्षा, दोन वेण्या हलवत, "बिजली का बिल घेऊन जाय वं नारबोद!" आता पोरांना तेवढं मराठी येतं, बाकी हिंदी.

माझं डोकं फिरलं. मी गाउनवर ओढणी टाकली आणि धावत जाऊन भाठ्याच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "मागे व्हा! कोणी आत जायचं नाही! तुम्हाला सांगितलं होतं ना?" जानराव काका थांबले. शांतपणे म्हणाले, "बाई, घरची पिडा हातात हाय. परत घरी नेऊ काय?" मागून लोक ढकलत होते. मी एकटी आणि समोर ती पळसांची पालखीच म्हण.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला, "मैडम, ये इतने लोग कहां जा रहे हैं?"

साहेब. ऊन चढायच्या आत पाहून जाऊ म्हणून लवकर आला होता. जीप पळसाखाली उभी, हातात फाईल. मी हात पसरलेलेच होते. मला वाटलं, संपलं आता सगळं. म्हणजे झाडं पण ओरबाडली आणि वर हा तमाशा.

मी काही बोलायच्या आत जानराव काकाच बोलले. "साहब, हर साल जाते हैं. जब से हुडको बना है." साहेबाने फांदीकडे बोट केलं. "और ये कहां से लाए?" तर मागून पन्नास हात एकदम भाठ्याकडे गेले. बायांचे, पोरांचे, म्हाताऱ्यांचे. "यहीं से! यहीं की है, यहीं वापस जाती है!"

साहेब माझ्याकडे वळला. "फिर आपने रिक्त क्यों लिखा था?"

आत्या, तेव्हा मला तुझं पहिलं पत्र आठवलं. म्हटलं, "सर, क्योंकि इसका नंबर नहीं है. हम भिलाई वाले हैं. जिसका नंबर नहीं होता, हमको दिखता नहीं."

तो हसला. आधी थोडं, मग चांगलाच. आणि मी बाजूला झाले. सगळे आत गेले, ओरडत, चिखलातून, त्या खोलगट पाण्याच्या कडेने. रस्ता कसा माहीत असतो गं सगळ्यांना! त्यात एकही पाय चुकला नाही. साहेब पण मागे मागे गेला. टिटवी त्याच्या डोक्यावरून ओरडत फिरली, अगदी त्याच्याच डोक्यावरून. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

तिथे गेल्यावर छत्तीसगढी बायाही भेटल्या, पत्रावळीसाठी पानं काढत होत्या. त्या तर रोजच येतात म्हणे. मी इतके दिवस सकाळी जाऊन उभी राहत होते आणि त्या मला दिसल्याच नव्हत्या, कारण त्या उजाडताच येऊन निघून गेलेल्या असायच्या. साहेबाने त्यांच्याशी पण बराच वेळ बोलून घेतलं.

मग आम्रपालीने त्याला पकडलं. "साहेब, आता वर चला," असं म्हणून थेट विहाराच्या छतावर नेलं. प्रेमानंदजींनी मापं सांगितली. तिच्या सासूबाईंनी चहा वर पाठवला. तो छतावर उभा राहून चारी बाजूंना पाहत होता, हॉल, शाळा, बाजार, सगळी पांढरी तापलेली छतं. म्हणाला, "यहां से तो आपकी पूरी कॉलोनी ही पैनल दिख रही है."

आणि काल कागद आला. छतांवर काम होणार. विहारापासून सुरुवात, मग हॉल, मग शाळा. बाजारवाले अजून कधी हो कधी नाही करतात, पण त्यांच्याशिवायही भागतं. भाठ्याचं काम रद्द. पण मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला सांगू? त्या कागदावर पहिल्यांदा लिहिलंय, "परसाभाठा". रिक्त भूमि नाही. नंबरही नाही. नाव.

मी तो कागद घेऊन भाठ्यावर गेले. लाल खुणा पावसाने अर्ध्या धुतल्या आहेत. बसले एका पळसाखाली, चिखलातच. घरी येऊन चहा केला, त्यात साखर टाकली. कमलेशनी आधी जिभेच्या टोकाने चाखून पाहिला.

बॅनर उतरवायला सांगितला मी. तर लोकांनी नवीन छापलाय. या वेळी आम्रपालीचा आणि माझा दोघींचा फोटो आहे आणि केक नाही.

तुझ्या नावाची फांदी राहिली होती. परवा कमलेश तुमसरला येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. पोळा होऊन महिना होत आला, आणि पळसाच्या देशात पळस पाठवते आहे, म्हणजे तू हसशीलच. पण तू मागितली होतीस आणि या वर्षी तुझं सगळंच ऐकायचं ठरवलंय.

तुझी,
रेणू

---

सालेटोला
२८ सप्टेंबर २०२५

माझी रेणू,

कमलेश आला. तो ट्रेनमध्ये फांदी उंच धरून उभा होता म्हणे, कोणी चेंगरू नये म्हणून. एका बाईने विचारलं, "भैया, कौन सा व्रत है?" तर म्हणाला, "आत्या का." आता तो बरोबर नातं शिकला.

तुझं पत्र मी मामाजींना वाचून दाखवलं. नारबोदच्या ठिकाणी ते स्वतःच ओरडले, मोठ्याने, तर शेजारची कुत्री भुंकली. मग म्हणाले, "पोरगी जिंकली." मी म्हटलं, जिंकली नाही, तिचं कोणी ऐकलं नाही म्हणून वाचली. पण खरं सांगू का, मला तुझा फार अभिमान वाटला. हात पसरून चुकीच्या बाजूने उभी होतीस, तरी उभी होतीस. आणि साहेबासमोर खरं बोललीस. कुणाला जमलं असतं?

फांदी पाहून हसले मात्र नाही.

तुला एक गोष्ट कधी लिहिली नाही. सालेटोल्यात पळस नाही, रेणू. मी आले तेव्हा होता. आधी रस्ता रुंद झाला, मग वीटभट्ट्या आल्या, मग धानासाठी एकेक बांध मोकळा झाला. शेवटचा पळस शाळेमागे होता, तो गेला त्याला चार पोळे झाले. कोणी अर्ज केला नाही, कोणी सह्या घेतल्या नाहीत, एक दिवस तिकडून जाताना तिथे आकाश दिसलं. तेव्हापासून पोळ्याला माझं दार तसंच असतं. काही बाया कडुनिंब लावतात. मला नाही लावावासा वाटला. तुम्हा भिलाईवाल्यांना वाटतं की गाव म्हणजे हिरवंच असणार. म्हटलं, तुमचं ते तसंच राहू दे. तू "रिकामी" लिहिलंस तेव्हा मला इथला शाळेमागचा तुकडा दिसला. म्हणून पत्र तसं कडक गेलं.

तुझी फांदी मी दाराला लावली. मामाजी म्हणाले, "सण गेला ना बाप्पा, आता कायले लावून राहिली?" मी म्हटलं, "दार तं हाये ना." संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बाया आल्या, हात लावून गेल्या. एक सून लग्न होऊन यंदाच आली आहे, ती विचारत होती हे कोणतं झाड. तिला सांगितलं आणि फागुनात तिलाही भिलाईला आणते आहे. दोन तिकिटं. तू स्टेशनवर ये, पण भाठा मी दाखवणार तिला.

मेढा दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर नेऊन टाकायचा असतो. मी नाही टाकला. आठ दिवस झाले, दारालाच आहे. पानं सुकली, तांबूस झाली. काल मामाजी ओसरीवर बसले होते, म्हणाले, "वारा आला का वाजतेत पानं, मस्त." मी विचारलं, काय वाजते? मला काहीच ऐकू येत नव्हतं.

मग उठले, साखरेच्या डब्याशेजारचं मशीन काढलं, पुसलं आणि कानात घातलं. दारात जाऊन उभी राहिले. आधी भांडी वाजली, मग कोंबडी, मग मामाजींचा खोकला. मग वारा आला.

फोन कर, रेणू. ऐकू येईल.

आत्या